मातीच्या फौजेचं उद्यापन

“मोज, विनीत. वाजवायचं नसतं तेव्हा जास्त मोज. वाजवताना काय, बोटं चालतात, श्वास चालतो, गाडी आपोआप पुढे जाते. गप्प बसायची पाळी आली की माणूस चुकतो.”

अयूब मास्तरांचं हे सांगणं विनीत लांजेकरांनी एकोणीस वर्षं ऐकलं होतं, आणि मास्तर वैशाखात गेल्यापासून ते त्यांना जास्तच स्वच्छ ऐकू येऊ लागलं होतं. जिवंत माणसाच्या बोलण्याकडे दुर्लक्ष करता येतं. गेलेल्या माणसाच्या बाबतीत ती सोय नसते.

विनीतराव दिवसा जमिनीच्या नोंदींच्या कचेरीत वरिष्ठ लिपिक होते आणि संध्याकाळी मास्तरांच्या बँडमध्ये दुसरी क्लॅरिनेट. दुसरी क्लॅरिनेट म्हणजे आरतीला मागच्या रांगेत उभं राहून टाळी वाजवणारा माणूस. तो नसला तर कुणाच्या लक्षात येत नाही, आणि असला तर प्रसाद संपत आल्यावर त्याचा नंबर लागतो. पहिल्या क्लॅरिनेटला चाल असते, दुसरीला त्या चालीच्या खाली सतरंजी धरून उभं राहायचं असतं. विनीतरावांनी एकोणीस वर्षं सतरंजी धरली होती आणि त्याबद्दल त्यांची काही तक्रार नव्हती, असं ते वरचेवर सांगत.

मास्तर तरुणपणी परदेशी जहाजावरच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचे. एकदा त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी चीनच्या एका बंदरात वीस दिवस अडकलं. बाकीचे खलाशी जिथे जायचे तिथे गेले. मास्तर दीड दिवस रेल्वेत बसून, तिथल्या पहिल्या बादशहानं स्वतःच्या कबरीशेजारी पुरून ठेवलेली मातीची फौज बघून आले. बावीसशे वर्षांपूर्वीचा हा बादशहा. सगळा मुलूख त्यानं एका छत्राखाली आणला आणि मग मरणाला घाबरला. मेल्यावर सोबत असावी म्हणून हजारो शिपाई मातीचे घडवून घेतले. “एकाचं तोंड दुसऱ्यासारखं नाही रे,” मास्तर सांगायचे. “आणि एकाचंही नाव कुणाला ठाऊक नाही. मी म्हटलं, अरे, हा तर आपला बँड!”

त्या बघण्यावर मास्तरांनी पुढे अकरा वर्षं खपून बावीस वाद्यांसाठी एक मोठी रचना लिहिली. वरातीत वाजवायची नाही, खुर्च्यांवर बसून, समोर कागद ठेवून ऐकवायची. नाव ‘मातीची फौज’. आधी माती मळली जाते, मग बादशहाची स्वारी निघते, मग बादशहा मरतो आणि कबर बुजते. आणि मग नऊ आवर्तनं संपूर्ण शांतता. कारण कबर बुजल्यावर वरती दोन हजार वर्षं लोक शेती करत होते, खाली कोण उभं आहे याचा कुणाला पत्ता नव्हता. शेवटी विहीर खणताना एका शेतकऱ्याच्या हाताला मातीचं डोकं लागलं. ती दोन हजार वर्षं मास्तरांनी नऊ आवर्तनांत बसवली होती. त्यानंतर वाजायचं एकच वाद्य, सोळा आवर्तनं, अगदी एकटं. आणि शेवटी काशाच्या मोठ्या थाळ्यावर एक टोला. संपलं.

ते एकटं वाद्य म्हणजे दुसरी क्लॅरिनेट.

रुग्णालयात मास्तरांनी विनीतरावांचा हात धरला होता. “नसीमानं अकरा वर्षं घरात नुसते तुकडे ऐकले. तिला एकदा पूर्ण ऐकव. टोल्यापर्यंत.” विनीतराव म्हणाले, “शब्द देतो, मास्तर.” शब्द देताना मास्तरांचं दुःख किती होतं आणि सोळा आवर्तनांचा मोह किती होता, याचा हिशेब त्यांनी तेव्हा केला नाही. पुढे करावा लागला.

मास्तरांच्या पत्नी नसीमाभाभी मिरकरवाड्यात एकट्या राहत होत्या. लेक मनाल मस्कतला. तिनं आईचं तिकीट काढलं होतं, कोजागरीच्या आधीच्या रविवारचं. जुनं घर बंद करून त्या कायमच्या जाणार होत्या. म्हणजे कार्यक्रम शनिवारपर्यंत व्हायला हवा होता. विनीतरावांनी हिशेब केला, साडेचार महिने आहेत. साडेचार महिन्यांत माणूस चातुर्मास पाळून वर चार दिवस उरवतो. एक कार्यक्रम काय!

तालमी मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका आंब्याच्या शेडमध्ये सुरू झाल्या. मोसम संपल्यावर तिथे रिकाम्या पेट्या आणि वासच उरतो. बँडमध्ये दोन निवृत्त पोलीस, चार शाळामास्तर आणि बाकी सगळे लग्नाच्या बँडमधले. त्यांचा म्होरक्या भागोजी. चाळीस वर्षं वरातीपुढे मोठा पितळी बाजा फुंकून त्याचे गाल नुसते बसले तरी फुगलेले दिसायचे.

“बसून वाजवायचं म्हणजे झोपून जेवल्यासारखं वाटतं वो, विनीतशेठ,” तो पहिल्याच दिवशी म्हणाला. आणि ते खरंच होतं. या मंडळींनी जन्मभर चालत वाजवलेलं. बसवलं तरी त्यांचे पाय चालत राहत, आणि पायांबरोबर खुर्च्या. बादशहाची स्वारी संपेपर्यंत पुढची रांग समोर उभं राहून ताल देणाऱ्या विनीतरावांच्या अंगावर आलेली असे. म्हणून खुर्च्या सुंभानं एकमेकींना बांधल्या. मग सगळी रांग एकदम सरकू लागली.

पण खरी अडचण शांततेची होती. वरातीत बँड थांबतो तो दोनच कारणांनी. एकतर मांडव येतो, नाहीतर मारामारी होते. नुसतंच थांबायचं, आणि तेही वाजवण्याचाच भाग म्हणून, हे भागोजीच्या लोकांना पटेना. चौथ्या-पाचव्या आवर्तनाला कुणाचा तरी धीर सुटे आणि दोन हजार वर्षांच्या शेतीवर अचानक नाचाचं गाणं सुरू होई. विनीतरावांनी त्यांना बोटांच्या पेरांवर मोजायला शिकवलं. श्रावण गेला, भाद्रपद आला, आणि गौरी उठल्यावरच्या रविवारी सगळा बँड पहिल्यांदा नऊ आवर्तनं गप्प बसला. शेडच्या पत्र्यावरून पाणी ठिबकत होतं तेवढंच. नवव्या आवर्तनानंतर विनीतरावांनी आपली सोळा वाजवली. संपल्यावर भागोजी म्हणाला, “विनीतशेठ, तुमी वाजवता हे आज कळलं.” विनीतरावांना यातला मान घ्यावा की अपमान, हे घरी पोचेपर्यंत ठरवता आलं नाही.

सभागृह मिळवणं त्यांना सोपं वाटलं होतं. ते स्वतः सरकारी माणूस. सव्वीस वर्षं त्यांनी लोकांच्या अर्जांकडे पाहून “अर्ज बरोबर आहे, पण नमुना बदललाय” हे वाक्य इतक्या सौम्यपणे उच्चारलं होतं की लोक उलट त्यांचे आभार मानून परत जात. सभागृहाच्या कार्यालयात संस्कृती नावाची सव्वीस-सत्तावीस वर्षांची मुलगी बसली होती. तिनं अर्ज वाचला, मान हलवली आणि सौम्यपणे म्हणाली, “काका, अर्ज बरोबर आहे. पण नमुना बदललाय.”

विनीतरावांनी तिचे आभार मानले आणि नवा नमुना घेतला.

नवा नमुना भरून दिल्यावर तिनं विचारलं, “कार्यक्रमाचा प्रकार?”

“बँड.”

“बँड मिरवणुकीत येतो. मिरवणुकीला मार्गाचा नकाशा लागेल. कुठून कुठे?”

“कुठूनच कुठे नाही. बसून वाजवणार.”

“बसून?” तिनं वर पाहिलं. “आणि नवरदेव?”

“नवरदेव नाहीये. चीनचा बादशहा आहे.”

“ते स्वतः येणार आहेत का?”

“ते वारले. बावीसशे वर्षं झाली.”

“मग पुण्यतिथीत टाकते.” तिनं तसं लिहिलंही. “पण परदेशी व्यक्तीची पुण्यतिथी म्हटल्यावर वरून विचारून घ्यावं लागेल. उद्या या.”

“उद्या या” म्हणताना नजर माणसावर ठेवायची नाही, कागदावर ठेवायची, ही युक्ती विनीतरावांनी स्वतः तीन नव्या लिपिकांना शिकवली होती. मुलीची नजर कागदावर होती.

असे नऊ उद्या झाले. ध्वनिक्षेपक लावणार नाही म्हटल्यावर, लावणार नसल्याचा दाखला मागितला गेला. दाखला देणाऱ्यानं विचारलं, जे लावणारच नाही त्याची तपासणी कशी करू? विनीतराव कचेरीत आपल्या खुर्चीत परत येऊन बसत तेव्हा समोर रांग असे, आणि रांगेतल्या माणसांची तोंडं त्यांना पहिल्यांदाच वेगवेगळी दिसू लागली होती. हा त्रास त्यांना यापूर्वी नव्हता.

त्यांच्या इमारतीचे सचिव ओमकार शेवडे हे सगळं जिन्यातून पाहत होते. शेवड्यांकडे प्रत्येक प्रश्नाला उत्तर असायचं; कधीकधी प्रश्न नसलेल्या ठिकाणीही असायचं.

“लांजेकर, चीन कशाला मध्ये घालता? सीमेवर काय चाललंय बघताय ना?”

“अहो, तो बावीसशे वर्षांपूर्वी मेला.”

“मेला तरी त्यांचाच ना? आपले राजे कमी पडले का? नाव बदला, सूर तेच ठेवा. सुरांना कुठे पारपत्र लागतं?”

“मास्तरांनी चीनच्या बादशहावर लिहिलंय.”

“मास्तर आता तक्रार करायला येतायत?” शेवड्यांनी खांद्यावर हात ठेवला. “बरं, नाव राहू दे. सभागृह मी मिळवून देतो. साहेबांच्या कानावर घालतो. फक्त साहेबांना प्रमुख पाहुणे करायचं, आणि सत्कार माझ्याकडे.”

साहेब म्हणजे कुठले, कशाचे, हे शेवडे कधी सांगत नसत. जे साहेब असतात त्यांना ‘साहेब’ पुरतं. दुसऱ्याच दिवशी संस्कृतीचा फोन आला. “काका, झालं. शनिवारी पाच ते आठ.” नऊ उद्यांचं काम एका फोनवर झालं याचा विनीतरावांना आनंद झाला नाही. आपल्याकडे यायचे तेही फोन त्यांना आठवले.

राहिला थाळा. मास्तरांना हवा होता तसा खोल आवाजाचा थाळा रत्नागिरीत मिळेना. शेवड्यांनी आपल्या लग्नातली परात सुचवली. भागोजीनं मिरकरवाड्याच्या धक्क्यावरून एका ट्रॉलरची घंटा आणून वाजवली, तर ती ऐकून बर्फाचा टेम्पो आल्यासारखी माणसं गोळा झाली. शाळेची घंटा वाजवली तर चारही शाळामास्तर नकळत उठून उभे राहिले. शेवटी एका संध्याकाळी विनीतरावांनी घरातल्या पितळी परातीवर मोगरी हाणली. त्यांच्या पत्नी मैनाताई तेव्हा जेवत होत्या. चातुर्मासात जेवताना त्यांचं मौन असे. त्यामुळे त्या काही बोलल्या नाहीत. पण मौनात डोळ्यांना बंदी नसते.

हात धुतल्यावर त्या हळूच म्हणाल्या, “आमच्या माहेरच्या देवीचा थाळा आहे. काशाचा. मारला की पोटात उतरतो. पण देवीला विचारावं लागेल.”

मैनाताईंच्या बोलण्याला सल्ला म्हणता येत नसे. त्या एखादी गोष्ट तुळशीपुढे पणती ठेवावी तशी ठेवून निघून जात. विनीतराव सासुरवाडीला गेले. देवळाचे मानकरी सखारामबुवा, सत्तरी ओलांडलेले, काटकुळे, देवीसमोर कौलाला बसले. मूर्तीला लावलेल्या पाकळ्यांतली उजवी पडली. देवीचा होकार आला.

“उजवा दिलान,” सखारामबुवा म्हणाले. “पन थाळ्याच्या आटी हायत. येक, थाळा येकटा जायचा नाय, मी संगती येनार. दोन, हात मानकऱ्याचाच लागंल. तीन, टोला पडायच्या आधी देवीला हात जोडून गाऱ्हानं घालायला लागतं. चार, सोमवारच्या आरतीला परत.”

“हो, हो, हो, हो,” विनीतराव म्हणाले. न वाचता सही करणाऱ्या लोकांना ते कचेरीत रोज हसत.

थाळा तालमीला येणार नव्हता; देवीची वस्तू सरावाला बाहेर पडत नाही. सखारामबुवा मात्र दोनदा आले आणि ठरल्या जागी आंब्याच्या पेटीवर इमानदारीत मोगरी मारून गेले. पेटीला गाऱ्हाणं लागत नाही. “नऊ आवर्तनं सगळं शांत,” विनीतरावांनी त्यांना समजावलं, “मग मी वाजवणार, मग तुमचा टोला.” “समजलं,” सखारामबुवा म्हणाले. “शांत झाल्याव मंग माजं काम.”

शनिवार उजाडला. बँड पाच वाजता खुर्च्यांवर होता. साहेब पावणेसातला आले. पहिल्या चार रांगा साहेबांबरोबरच्या लोकांसाठी राखीव, म्हणून नसीमाभाभींना अकराव्या रांगेत जागा मिळाली होती, खांबाच्या बाजूला. पावणेदोन तास त्या मांडीवर हात ठेवून बसल्या होत्या. विनीतरावांना खांबाच्या कडेला त्यांची पांढरी ओढणी तेवढी दिसत होती.

आणि मग मास्तरांची रचना सुरू झाली. इथे मात्र कुणाची थट्टा करायची सोय नाही. ढोलांनी माती मळली. भागोजीच्या बाज्यानं बादशहाची पालखी उचलली तेव्हा भिंतीतले पंखे थरथरले. लग्नात ज्यांच्याकडे वळून कुणी पाहत नाही अशी माणसं कपाळावर घाम घेऊन एका मेलेल्या बादशहाला त्याच्या कबरीत उतरवत होती, आणि सभागृहात कुणी खोकत नव्हतं. सुंभानं बांधलेली रांग हातभर पुढे आली, पण सगळी एकदम आली म्हणून ते मुद्दाम बसवल्यासारखं वाटलं. कबर बुजली. शेवटचा सूर मातीत गेला.

शांतता.

विनीतरावांनी क्लॅरिनेट ओठांशी नेली. एक, दोन, तीन, चार. पहिलं आवर्तन. समोर भागोजीचा अंगठा करंगळीच्या पेरावर सरकताना दिसला. दुसरं. सहाशे माणसं श्वास धरून होती. मास्तर, मोजतोय बरं का. तिसरं आवर्तन पुरं झालं.

आणि सखारामबुवा उठले. त्यांनी मोगरी खाली ठेवली, हात जोडले, डोळे मिटले आणि गावच्या होळीच्या माळापर्यंत पोचेल अशा आवाजात सुरुवात केली.

“बा देवी माउली, बारा वाड्यांच्या मालकिनी! आज तुजा थाळा चीनच्या बादशाच्या कामाला घराभायेर काढलाय...”

मागच्या रांगेतून सवयीनं कुणीतरी म्हणालं, “व्हय म्हाराजा!”

रत्नागिरीत ‘बा देवी’ कानावर पडल्यावर ज्याचे हात जुळत नाहीत असा माणूस त्या सभागृहात नव्हता. साहेबांनी चपला काढल्या. दारावरच्या पोलिसानं टोपी सारखी केली.

“ह्यो जो कोन बादशा मेला हाय, त्याची काय चूकभूल झाली आसंल, ती पोटात घाल!”

“व्हय म्हाराजा!” सहाशे माणसं म्हणाली.

“त्याच्या फौजंतल्या मातीच्या मान्सांची चूकभूल झाली आसंल, ती पोटात घाल!”

“व्हय म्हाराजा!”

“अयूब मास्तर लांबच्या वाटंला लागलाय, त्याची वाट सुखाची कर! त्याच्या घरच्या माउलीला समिंदरापार सांबाळ! आन् ह्ये आमचे जावय पिपानी वाजवतायत, त्यांना दम पुरू दे!”

“व्हय म्हाराजा!”

विनीतरावांना दम पुरला असता. पण आवाज विरतो न विरतो तोच शेवडे ध्वनिक्षेपकासमोर पोचले. न लावल्याचा दाखला असलेला ध्वनिक्षेपक साहेबांसाठी लागला होता. “अशा या मंगल प्रार्थनेनं आजच्या कार्यक्रमाची सांगता होत असताना...” सभागृहानं टाळ्यांचा कडकडाट केला. नारळ आला, शाल आली. खुर्च्या सुंभानं बांधलेल्या, त्यामुळे सत्काराला जागा करायला बँडला उठताही येईना; मधूनच कुणीतरी सगळी रांग मागे ढकलली, वाजवणाऱ्यांसकट. साहेब पंचवीस मिनिटं बोलले. चीनच्या बादशहालासुद्धा आपल्या देवीपुढे नमवणारे आपले कलाकार, असं ते म्हणाले. सगळ्यात जास्त टाळ्या त्याला पडल्या. भागोजी तेवढा वेळ अंगठा तिसऱ्या पेरावर दाबून बसला होता.

“साहेब, अजून थोडं राहिलंय,” विनीतराव दोनदा म्हणाले. ते दुसऱ्या क्लॅरिनेटच्या आवाजात म्हणाले.

आठला पाच मिनिटं असताना पडद्याआडून संस्कृती आली, हातात किल्ल्या. “काका, वेळ संपली. उद्या...” म्हणता म्हणता तिनं सवयीनं नजर खाली कागदावर नेली. तिथे कागदच नव्हता.

दारात नसीमाभाभी थांबल्या होत्या. “विनीतभाऊ, लई छान झालं. देवीपुढे त्यांचं नाव पण घेतलं.” त्या किंचित हसल्या. “ते सांगायचे, शेवटी तुम्ही एकटेच वाजवता. गर्दीत माझ्या कानातून निसटलं वाटतं. वाजलं ना ते?”

विनीतरावांच्या हातात न वाजलेली क्लॅरिनेट होती आणि मागे शालीसकट साहेब चालले होते.

“हो, वाजलं ना,” ते म्हणाले. “हळू असतं ते.”

“असंल. आता कान पण जुने झाले,” नसीमाभाभी म्हणाल्या आणि रिक्षात बसल्या.

घरी पोचेपर्यंत इमारतीच्या गटावर छायाचित्र आलं होतं. साहेब, शेवडे, नारळ. मागे बँड होता, पण साहेबांच्या खांद्यांआड. दिसत होत्या त्या टोप्या, पितळेच्या कडा आणि क्लॅरिनेटचं एक टोक. बावीस माणसांतल्या एकाचंही तोंड नव्हतं. खाली शेवड्यांनी लिहिलं होतं, ‘सुंदर नियोजन’.

मैनाताईंनी दोन पानं वाढली. सखारामबुवांना बाहेरच्या खोलीत थाळ्याशेजारीच वाढलं, कारण थाळ्याला सोडून ते जेवत नव्हते. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांना कुणी काही बोललं नव्हतं, पण भागोजीनं बांधलेलं सुंभ सोडताना त्यांच्याकडे पाहिलं होतं.

“तिसरी अट त्यांनी सांगितली होती,” विनीतराव ताटावर म्हणाले. “मीच ‘हो’ म्हटलं. रागवायचं तरी कुणावर? देवीवर? आणि भाभींना मी... मी सांगितलं, वाजलं म्हणून. मैना, माझी सोळा आवर्तनं गेली म्हणून मला वाईट वाटतंय की मास्तरांचा शब्द मोडला म्हणून, मलाच कळत नाहीये. लाज वाटते.”

मैनाताई जेवत होत्या, म्हणजे गप्प होत्या. त्यांनी शेवटचा घास घेतला, पाण्यानं चूळ भरली, ताटाला नमस्कार केला.

“व्रत कसं झालं ते देव बघतो,” त्या म्हणाल्या. “कुठल्या लोभानं धरलं तेही त्याला ठाऊक असतं. पण उद्यापन राहिलं तर ते आपल्याकडे राहतं.”

“मध्ये खंड पडला गं. सगळं परत पहिल्यापासून कुठून आणू? बावीस माणसं, सभागृह...”

“पहिल्यापासून कशाला? माळ ओढताना कुणी हाक मारली तर आपण मणी सोडतो का? बोटात धरून ठेवतो. मग तिथून पुढे.” त्यांनी ताटं उचलली. “भाभींची गाडी आठला निघणार आहे. मी सकाळी लाडू देऊन येणारच होते.”

रविवारी सव्वासहाला विनीतराव आंघोळ करून, क्लॅरिनेटची पेटी घेऊन बाहेरच्या खोलीत आले. सखारामबुवा भिंतीला टेकून बसलेलेच होते. थाळा मांडीवर, मैनाताईंच्या जुन्या धुवट लुगड्यात गुंडाळलेला.

“खुटं चाललाव?”

“मिरकरवाड्यात. राहिलंय थोडं.”

सखारामबुवांनी पुढे काही विचारलं नाही. गुडघ्यावर हात देऊन उठले. “थाळा येकटा जायचा नाय,” एवढंच म्हणाले. मैनाताईंनी लाडवांचा डबा पिशवीत घालून पिशवी स्कूटरच्या आकड्याला अडकवली आणि दार लोटून घेतलं. शेवड्यांच्या दाराबाहेर कालचा हार एका खिळ्याला लटकत होता.

सखारामबुवा मागे बसले. थाळा दोघांच्या मध्ये, विनीतरावांच्या पाठीला गार लागत होता.

“गाऱ्हानं?” बुवांनी दबकत विचारलं.

“ते काल झालंय.”

“मंग मी आता काय करू?”

“मोजा,” विनीतराव म्हणाले. “तीन झालीत. सहा आवर्तनं राहिलीत.”

त्यांनी गाडी चालू केली नाही. नुसता ब्रेक सोडला आणि बंदराकडच्या उतारावर ती आवाज न करता सरकू दिली. मागे काशाच्या थाळ्यावर म्हाताऱ्याचं बोट चार चार वेळा हळूच टेकत होतं, वाजणार नाही अशा बेतानं.